जोंगनोच्या जुन्या खानावळींचं सल्लंगथांग घरी कसं करावं

सोलच्या जोंगनो भागातली ‘इमुन सल्लंगथांग’ ही शहरातली सर्वांत जुनी चालू खानावळ मानली जाते. तिच्या स्थापनेचं साल १९०४ सांगतात. मालकी मधल्या काळात बदलली, पण १९६०च्या सुमारास ती आजच्या कुटुंबाकडे आली आणि पुढे आईकडून मुलाकडे गेली. २०११ मध्ये परिसराच्या पुनर्विकासामुळे जुनी लाकडी इमारत सोडून जवळच्याच ग्यन्जी-दोंगमध्ये बिऱ्हाड हलवावं लागलं. चूल हलली तरी मुख्य पदार्थ तोच राहिला: सल्लंगथांग, म्हणजे गायीच्या हाडांचं पांढरट सूप, त्यात भात, बारीक शेवया आणि उकडलेल्या मांसाचे पातळ काप.

या सुपात शिजताना मीठसुद्धा पडत नाही. मीठ आणि चिरलेला पातीचा कांदा टेबलावर ठेवलेला असतो, ज्याचं त्यानं घालून घ्यायचं. मसाला नाही, फोडणी नाही, त्यामुळे चूक झाकायला जागाच उरत नाही. हाडं नीट धुतली नसतील तर पहिल्याच चमच्याला कळतं. अशा खानावळींमध्ये एका पिढीनं दुसरीला दिलेली गोष्ट म्हणजे कामाचा क्रम आणि तो न मोडण्याची सवय. तो क्रम घरच्या पातेल्यात कसा बसवायचा ते पुढे दिलं आहे. मधूनमधून इतिहासही येईल, कारण यातल्या कितीतरी पायऱ्या परिस्थितीनं लावलेल्या आहेत आणि ती परिस्थिती माहीत असली की कुठली पायरी टाळता येते आणि कुठली नाही हे आपोआप समजतं.

हाडं आली कुठून

सोलच्या जेगी-दोंगमध्ये सन्नोंगदान नावाची दगडी वेदी आजही आहे. कोरियाच्या जोसॉन घराण्याचे राजे तिथे शेतीच्या देवतेची पूजा करून स्वतः नांगर धरत आणि नंतर जमलेल्या लोकांना हे सूप वाटलं जाई, अशी कथा सांगतात. कथा सुंदर आहे, पण तिला दंतकथाच मानलेलं बरं. रोजच्या विक्रीचा पदार्थ म्हणून सल्लंगथांग वाढलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या शहरात. १८९४च्या सरकारी सुधारणांनी जन्माधारित दर्जे कायद्यानं संपवले. त्यानंतर खाटिककाम करणाऱ्या कुटुंबांपैकी काहींनी मांसाच्या दुकानाबरोबर सुपाची दुकानं थाटली. चांगलं मांस विकलं जाई. मागे उरत ती नळीची हाडं, गुडघे, डोकं, जीभ, पाणथरी. हे सगळं मोठ्या लोखंडी काहिलीत पडे आणि रात्रंदिवस उकळत राही. स्वस्त, गरम आणि पोटभर असल्यामुळे जपानी राजवटीतल्या सोलमध्ये मजुरांपासून कचेरीतल्या बाबूंपर्यंत सगळे ते खात. दुकानात जाऊन बसणं ज्यांना कमीपणाचं वाटे ते घरी मागवत. सायकलवर एका हातानं वाडग्यांचा पाट तोलत सूप पोचवणारी पोरं हे त्या काळच्या रस्त्यावरचं नेहमीचं दृश्य होतं. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणारे सन गी-जंग हे इमुनच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी एक होते.

म्हणजे हा पदार्थ मुळात उरलेल्या भागांचा आहे, आणि त्याची सगळी कारागिरी त्या भागांमधलं रक्त आणि वास काढून फक्त गोडवा ठेवण्यात आहे.

काय आणायचं

हे प्रमाण साधारण १४ ते १५ वाडग्यांचं आहे. यापेक्षा कमी करायचा मोह टाळावा. दोन वाडग्यांसाठीही गॅस तेवढाच वेळ जळतो आणि लहान पातेल्यात पाणी इतक्या वेगानं आटतं की उकळी सांभाळता येत नाही.

नळीची हाडं (कोरियात यांना ‘सागोल’ म्हणतात) २ किलो, आडवी कापून ५-६ सेंटिमीटरचे तुकडे. पुढच्या पायांची मिळाली तर उत्तम. कापलेल्या तोंडाकडे नीट बघा. हाड घट्ट आणि पांढरं असावं, मगज फिकट गुलाबी असावा. हाडाची कड सच्छिद्र, जाळीदार दिसत असेल तर जनावर म्हातारं होतं. त्याचं सूप पातळ उतरतं.

गुडघ्याची किंवा सांध्याची हाडं (‘तोगानी’) १ किलो. सूप थंडीत थिजतं ते यांच्या कूर्चेमुळे आणि स्नायूबंधांमुळे. फक्त नळ्या घेतल्या तर सूप पांढरं होतं पण जिभेवर टिकत नाही. उलट सांधे जास्त झाले तर ओठ चिकटतात. दोनास एक हे प्रमाण दोन्हीकडून सुरक्षित आहे.

छातीचं मांस (‘यांगजी’) सव्वा किलो, एकाच तुकड्यात. हवी असेल तर एक जीभ. इमुनच्या वाडग्यात पाणथरीचा तुकडाही येतो. घरी करायचा असेल तर तो वेगळ्या भांड्यात ४० मिनिटं उकडा, कारण मोठ्या पातेल्यात तो सगळं सूप काळपट करतो.

वाढताना लागेल: आखूड दाण्याच्या तांदळाचा भात, गव्हाच्या बारीक कोरियन शेवया (‘सोम्यन’), भरपूर पातीचा कांदा, जाडं मीठ, काळी मिरी. आणि मुळ्याची किमची, काकदुगी. तिच्याशिवाय हे जेवण अर्धं राहतं.

पातेलं किमान १२ लिटरचं आणि जाड बुडाचं हवं.

रक्त काढणं

हाडं भरपूर थंड पाण्यात ६ ते ८ तास भिजवा. पहिलं पाणी अर्ध्या तासात लाल होईल, ते टाका. पुढे दर दीड-दोन तासांनी पाणी बदला. उन्हाळा असेल तर बर्फ घाला किंवा भांडं फ्रिजमध्ये ठेवा. मांस वेगळं, तासभर पुरे. शेवटचं पाणी जवळजवळ नितळ दिसलं पाहिजे. घाईघाईनं दोन तासांत उरकलेल्या हाडांचं सूप राखाडी होतं आणि मागाहून कितीही उकळलं तरी तो रंग जात नाही, कारण आतलं रक्त शिजून बारीक कणांच्या रूपात सगळीकडे पसरलेलं असतं.

मग हाडं पातेल्यात घालून बुडतील इतकं पाणी ओता, मोठ्या आचेवर उकळी आणा आणि उकळीनंतर १० ते १५ मिनिटं खळखळू द्या. झाकण ठेवू नका, वास बाहेर जायला हवा. करडा, तपकिरी फेस वर येईल. हे सगळं पाणी ओतून द्यायचं आहे. ते टाकताना जीव हळहळतो, पण त्यात राखण्यासारखं काही नसतं. एकेक हाड वाहत्या पाण्याखाली धरून बोटांनी आणि ब्रशनं घासा. सांध्यांच्या खाचांत आणि नळीच्या तोंडाशी साकळलेलं रक्त चमच्याच्या टोकानं खरवडून काढा. पातेलंही साबणानं घासून घ्या. त्याच्या काठाला चिकटलेली मळी पुन्हा सुपात उतरली तर आतापर्यंतची मेहनत वाया जाते. घरी केलेल्या सल्लंगथांगला वास येतो अशी तक्रार असते तेव्हा दहातल्या नऊ वेळा कसूर याच दोन पायऱ्यांत झालेली असते.

तीन उकळ्या

इमुनमध्ये सूप सुमारे १७ तास उकळतं असं सांगतात. घरी तेवढाच वेळ तीन भागांत वाटून घ्यायचा. ही पद्धत कोरियन घरांतही रूढ आहे, आणि कोरियाच्या ग्रामीण विकास प्रशासनाचा सल्लाही साधारण असाच आहे: एका वेळी सहा तास, आणि तिसऱ्या खेपेनंतर हाडांमधून फार काही निघत नाही.

पहिली उकळी: स्वच्छ हाडं, ७ लिटर ताजं थंड पाणी. उकळी येईपर्यंत मोठी आच, मग मध्यमच्या थोडी वर. पृष्ठभाग सतत हलता राहिला पाहिजे. पहिल्या अर्ध्या तासात जो फेस येईल तो झाऱ्यानं काढा. त्यानंतर झाकण तिरपं ठेवून सहा तास. चार तास झाले की छातीचं मांस (आणि जीभ) आत सोडा. दीड ते दोन तासांत सुरी सहज आत जाते, तेव्हा लगेच बाहेर काढा. जास्त राहिलं तर कापताना तंतू सुटतात. शेवटी साधारण ३ लिटर सूप उरेल. ते गाळून वेगळं ठेवा.

दुसरी उकळी: त्याच हाडांवर ६ लिटर ताजं पाणी, पुन्हा सहा तास, ३ लिटर उरेपर्यंत. तिन्हींत सर्वांत पांढरं आणि सर्वांत स्वच्छ चवीचं सूप याच खेपेला मिळतं. तिसरी उकळीही अशीच. मग तिन्ही सुपं एकत्र करून अर्धा तास खळखळ उकळा. शेवटी ८ लिटरच्या आसपास उरेल.

एकत्र का करायची? पहिल्या सुपात वास आणि चरबी जास्त, तिसऱ्यात दाटपणा कमी. वेगवेगळी वाढली तर एकही पूर्ण वाटत नाही. मिसळली की सगळे वाडगे सारखे होतात. खानावळीच्या काहिलीत जुनी-नवी हाडं एकत्र उकळत असल्यानं ही सरासरी आपोआप साधते.

आता आचेबद्दल, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. सूप म्हटलं की मंद आच, असं डोक्यात बसलेलं असतं. मंद आचेवर हाडांचं सूप सोनेरी आणि पारदर्शक होतं. नाजू या कोरियन शहरातलं गोमथांग हे सूप तसंच असतं, आणि तो मांसावर उभा असलेला वेगळा पदार्थ आहे. सल्लंगथांगचा पांढरा रंग चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबांचा असतो. खळखळ उकळीनं चरबी फुटत राहते आणि हाडांतून सुटलेलं जिलेटिन त्या थेंबांना वेढून पुन्हा एकत्र येऊ देत नाही. म्हणून तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. आच पडू द्यायची नाही. पाणी कमी झालं तर उकळतंच पाणी घालायचं, कारण थंड पाण्यानं उकळी थांबते, चरबी वर येऊन तवंग धरते आणि पुन्हा मिसळायला वेळ लागतो. आणि उकळत असताना तवंग सगळा काढून टाकायचा नाही. पहिल्या अर्ध्या तासात फेस काढा, पण चरबी राहू द्या. ती काढायची वेळ नंतर येते.

प्रेशर कुकर वापरला तर दीड तासात जिलेटिन सुटतं, पण बंद कुकरमध्ये खळखळ नसल्यानं सूप पांढरं होत नाही. कुकर उघडून ते सूप हाडांसकट दोन तास उघड्यावर जोरात उकळलं की रंग येतो. चव थोडी उणी राहते, मात्र आठवड्यातल्या कामाच्या दिवशी हा मार्ग वाईट नाही.

दूध किंवा कॉफीत घालायची क्रीमर पावडर टाकून रंग आणण्याची युक्तीही चालते. ती करू नये. खरं सूप ओळखायचं सोपं आहे: वाटीभर सूप रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी ते थरथरत्या जेलीसारखं थिजलं पाहिजे. दुधाचं पाणी थिजत नाही.

लसूण, आलं, कांदा घालायचा का? हाडांबरोबर नको. अठरा तास शिजलेला कांदा सूप गोडसर आणि पिवळट करतो. वास नकोसा वाटत असेल तर मांस शिजण्याच्या दोन तासांपुरती पातीच्या कांद्याची दोन पांढरी देठं आणि सहा-सात लसणाच्या पाकळ्या कापडाच्या पुरचुंडीत सोडा आणि मांसाबरोबरच बाहेर काढा.

थंड करणं

खानावळीत काहील क्वचितच थंड होते. घरी ती होते, आणि धोका तिथेच आहे. एवढं मोठं पातेलं ओट्यावर रात्रभर ठेवलं तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि उकळीतूनही तग धरणारे जिवाणूंचे बीजाणू त्यात वाढतात. सूप दोन-तीन लिटरच्या पसरट भांड्यांत वाटा, भांडी बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळा. दोन तासांत ते २१ अंशांच्या खाली आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांपर्यंत यायला हवं. पहिली आणि दुसरी उकळी वेगवेगळ्या दिवशी करत असाल तर दर वेळी हेच करा, आणि हाडंही झाकून फ्रिजमध्ये ठेवा.

सकाळी वर चरबीची पांढरी, टणक चकती धरलेली असेल. ती उचलून टाका. जी चरबी सुपात मिसळायची होती ती आधीच मिसळली आहे, त्यामुळे रंग जाणार नाही.

मांसही थंड झाल्यावरच कापा. गरम मांस चुरतं. धाग्यांना आडवे, ३ मिलिमीटर जाडीचे काप. जिभेची साल मात्र गरम असतानाच सोलावी लागते, नंतर ती सुटत नाही.

काकदुगी, चार-पाच दिवस आधी

कोरियन मुळा आखूड, जाडजूड आणि देठाकडे हिरवट असतो. २ किलो घ्या, साल न काढता घासून धुवा, अडीच सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करा. जाडं मीठ ४० ग्रॅम आणि साखर २५ ग्रॅम लावून ४० मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी अर्धं काढून टाका, बाकीचं राहू द्या. आधी फक्त ६० ग्रॅम गोचुगारू (कोरियन लाल तिखट) चोळा, म्हणजे रंग धरतो. मग वाटलेला लसूण ४० ग्रॅम, आलं ८ ग्रॅम, खारवलेली बारीक कोळंबी (‘सेउजत’) ४० ग्रॅम, फिश सॉस दोन चमचे, पातीचा कांदा ६० ग्रॅम. बरणीत दाबून भरा, २० अंशांच्या आसपास एक दिवस बाहेर, मग फ्रिजमध्ये. चौथ्या-पाचव्या दिवशी आंबटपणा येतो आणि रस सुटतो. हा रस जपून ठेवा. सोलमध्ये १९३९ पासून गोमथांग विकणाऱ्या हादोंगग्वान या खानावळीत गिऱ्हाईक हाच रस मागून सुपात ओतून घेतात.

वाडगा भरणं

जुन्या पद्धतीत भात आणि सूप वेगळे येत नाहीत. भात वाडग्यातच घालून त्यावर ‘तोर्यम’ करतात, म्हणजे गरम सूप पुन्हापुन्हा ओतून परत काढतात. भात गरम ठेवणारी विजेची भांडी नव्हती तेव्हा सकाळी शिजवलेला भात दुपारी गार असे, आणि तो गरम करायची हीच रीत होती. ती टिकली, कारण परिणाम उत्तम आहे: वाफाळता भात सुपात टाकला तर तो पिष्ट सोडून सूप चिकट करतो, गार भाताचा दाणा मोकळा राहतो आणि सूप आतपर्यंत मुरतं.

भात नेहमीपेक्षा थोडं कमी पाणी घालून शिजवा आणि पसरून गार करा. मातीचा जाड वाडगा (‘तुकबेगी’) गरम पाण्यानं तापवून घ्या. त्यात १३० ग्रॅम भात आणि मांसाचे पाच-सहा काप. लहान पातेल्यात सूप उकळत ठेवा. डावभर सूप भातावर ओता, डावाच्या पाठीनं भात अडवून सूप परत पातेल्यात ओतून टाका. असं चार-पाच वेळा. मोठ्या साठ्यात परत ओतू नका, भाताचं पिष्ट गेलं की साठा लवकर आंबतो. शेवटी ५०० मिलिलिटर सूप ओता. या रीतीनं भरलेला वाडगा लगेच खाता येण्याइतका गरम असतो. उकळता वाडगा समोर आला की जीभ भाजते आणि चव कळत नाही.

शेवया माणशी २० ते २५ ग्रॅम. वेगळ्या पाण्यात तीन मिनिटं उकळा, थंड पाण्यात चोळून धुवा, गुंडाळी करून वाडग्यात ठेवा. सुपातच शिजवल्या तर सूप पिठुळ होतं. शेवया मुळात या वाडग्यात नव्हत्या. १९६०-७० च्या दशकांत तांदूळ वाचवण्यासाठी सरकारनं भाताबरोबर जव आणि गहू वापरायची सक्ती केली, १९६९ पासून खाद्यगृहांत बुधवारी आणि शनिवारी दुपारभर भात वाढायला बंदी आली. तेव्हा भाताची जागा भरायला शेवया आल्या आणि राहून गेल्या. आवडत नसतील तर बिनदिक्कत वगळा.

वर पातीचा कांदा मूठभर. आधी बिनमिठाचे दोन चमचे चाखा, मग अर्धा चहाचा चमचा मीठ घाला. काकदुगी खारट असते म्हणून एवढंच. अर्धा वाडगा संपल्यावर काकदुगीचा रस दोन-तीन चमचे ओता. सुरुवातीलाच ओतला तर अठरा तासांच्या कामाची चव लाल रसाखाली जाते.

बिघडलं तर

सूप पिवळट आणि तेलकट: मगज फार, आच कमी. थंड करून चरबी काढा आणि अर्धा तास जोरात उकळा. रंग पांढरा पण चव पोकळ: पाणी जास्त झालं आहे, आटवा. फ्रिजमध्ये थिजत नाही: सांधे कमी पडले. पुढच्या उकळीत अर्धा किलो वाढवा. करपट वास: मांसाचे बारीक कण बुडाला लागले. ढवळू नका, वरचं सूप अलगद दुसऱ्या भांड्यात काढा, तळाचा अर्धा लिटर सोडून द्या.

तुकबेगीचं अंग सच्छिद्र असतं, ते साबण शोषतं आणि पुढच्या सुपात सोडतं. कोमट पाणी आणि थोडं पीठ लावून घासा, उलटा ठेवून पूर्ण वाळवा.

उरलेलं सूप फ्रिजमध्ये तीन दिवस, वाडग्याच्या मापाच्या डब्यांत फ्रीझरमध्ये तीन महिने. बाहेर काढल्यावर ते कधीकधी फुटल्यासारखं दिसतं, वर चरबीचे थेंब तरंगतात. पाच मिनिटं खळखळ उकळलं की पुन्हा एकजीव होतं.